21 दिवसांत सवय लागते हा आकडा आला कुठून, आणि तो माणसांना इतका का दमवतो?

पाऊलवाट

नवीन वर्ष, गुढीपाडवा, वाढदिवस, काहीही निमित्त झालं की कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर 21 दिवसांचं चॅलेंज येतंच. 21 दिवस साखर बंद, 21 दिवस सूर्यनमस्कार, 21 दिवस पहाटे उठणे, आणि खाली ठरलेलं वाक्य की मानसशास्त्र सांगतं, कुठलीही गोष्ट सलग 21 दिवस केली की तिची सवय होते. हा विषय मला बरेच दिवस छळतोय कारण या आकड्यापायी चांगली कष्टाळू माणसं स्वतःला नालायक समजायला लागलेली मी बघितली आहेत. बाविसाव्या दिवशी अलार्म वाजतो, उठवत नाही, आणि मग निष्कर्ष एकच, माझ्यातच दम नाही.

तर आधी आकड्याचा उगम. मॅक्सवेल माल्ट्झ नावाचे अमेरिकेतले प्लास्टिक सर्जन होते. त्यांना असं दिसलं की चेहऱ्याचं ऑपरेशन झालेल्या पेशंटला आरशातला नवा चेहरा आपला वाटायला साधारण 21 दिवस जातात, हात किंवा पाय कापावा लागला तर तो अजून जागेवर आहे असा भास साधारण तेवढेच दिवस होत राहतो, नवं घरसुद्धा आपलं वाटायला तीनेक आठवडे लागतात. हे त्यांनी 1960 सालच्या सायको-सायबरनेटिक्स या पुस्तकात लिहिलं, आणि लिहिताना 'कमीत कमी 21 दिवस' असं लिहिलं. पुढे हे तोंडातोंडी फिरता फिरता त्यातलं कमीत कमी गळून पडलं आणि नव्या चेहऱ्याची ओळख पटण्याबद्दलची गोष्ट थेट सूर्यनमस्कारांना आणि साखरेला चिकटली. सवय कशी लागते याचा माल्ट्झनी प्रयोग वगैरे केलेलाच नव्हता, दवाखान्यात बसून केलेलं निरीक्षण होतं ते.

प्रत्यक्ष मोजमाप झालं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांना रोज एक छोटी गोष्ट ठराविक वेळेला करायला सांगितली, कुणी जेवणाबरोबर ग्लासभर पाणी, कुणी फळ, कुणी जेवणाआधी पळणं, आणि 12 आठवडे रोज विचारत राहिले की आज हे आपोआप झालं का, की लक्षात ठेवून करावं लागलं. 2010 साली तो पेपर छापून आला. आपोआप होण्याच्या पातळीला पोचायला मध्यावर असलेल्या माणसाला 66 दिवस लागले, पण खरी बघण्यासारखी गोष्ट म्हणजे रेंज, 18 ते 254 दिवस! पाणी पिणं लवकर अंगवळणी पडलं, व्यायामाला त्याच्या साधारण दीडपट वेळ लागला. आणि एखादा दिवस चुकला तर? फारसा फरक पडला नाही. ग्रुपवरची चॅलेंजं नेमकी याच्या उलट चालतात, एक दिवस बुडाला की पुन्हा पहिल्यापासून मोजा.

तुमचे अनुभव लिहा प्लीज. कुठली सवय खरंच लागली आणि ती कशामुळे लागली, हे मला जास्त ऐकायचंय.

बोरीबंदर

धागा आवडला पण थोडं वेगळं मत. 21 दिवसांत सवय पक्की होत नसेल, मान्य, पण कुणी जर सांगितलं असतं की बाबा रे 66 दिवस किंवा कदाचित आठ महिने, तर मी सुरूच केलं नसतं. माझं सकाळचं चालणं अशाच एका चॅलेंजमधून सुरू झालं आणि आज काही वर्षं टिकून आहे. माणसाला डोळ्यासमोर शेवट दिसला तर तो निघतो. आकडा चुकीचा असला तरी तो दारातून बाहेर काढतो ना, मग काय बिघडलं?

अबोली

बोरीबंदर, तुम्ही दारातून बाहेर पडलात तेव्हा घरात चहा कोण करत होतं हे विचारावंसं वाटतंय. चिडून नाही विचारत, मनापासून विचारतेय, कारण या सगळ्या पुस्तकांत आणि रीलमध्ये पहाटेचा वेळ हा 'आपला' असतो असं गृहीतच धरलेलं आहे. आमच्याकडे पाचला उठणारी बाई आधीपासूनच आहे, गेली कित्येक वर्षं उठतेय, दोन डबे, सासऱ्यांचं गरम पाणी, नळाला पाणी येण्याची वेळ, मुलांची स्कूल बस. तिला पाचला उठण्याची सवय पक्की लागलेली आहे, त्यातून यश वगैरे काही आलं नाही, फक्त झोप कमी झाली.

मी स्वतः रोज अर्धा तास वाचायचं ठरवलं की ते मोडायचं. मोडायचं कारण मी ठरवलेली वेळ कुणाच्याही लेखी माझी नव्हती, कुणीही यावं आणि काहीही मागावं. मग दुपारी धाकट्याचा क्लास असतो तिथे बाहेरच्या बाकावर पुस्तक घेऊन बसायला लागले. तिथे मला कुणी हाक मारत नाही. तेव्हापासून वाचन सुरू आहे. माझी इच्छाशक्ती आधी जेवढी होती तेवढीच आहे, फक्त जागा मिळाली.

बोरीबंदर

अबोली ताई, प्रश्न रास्त आहे. चहा बायको करायची. तुमचा बाकाचा मुद्दा डोक्यात राहील.

चाकणची_शिफ्ट

मी कंपनीत आहे, आमच्याकडे आठवड्याला शिफ्ट बदलते, फर्स्ट सेकंड नाईट. एचआरने एकदा मोटिवेशनचं ट्रेनिंग ठेवलं होतं त्यात सरांनी सांगितलं रोज ठराविक वेळी झोपा, ठराविक वेळी उठा, ठराविक वेळी व्यायाम करा, हॉलमध्ये बसलेल्या सगळ्यांची शिफ्ट फिरती. कुणी काही बोललं नाही पण सगळ्यांच्या मनात तेच होतं. ज्याचं जेवणच कधी दुपारी बाराला कधी रात्री दोनला त्याने ठराविक वेळ आणायची कुठून, आणि मग पोट सुटलं शुगर आली की डॉक्टर म्हणतात लाइफस्टाइल बदला. पाऊलवाट, तुम्ही त्या लंडनच्या प्रयोगात ठराविक वेळेला म्हणालात, त्यात शिफ्टवाले होते का?

पाऊलवाट

नव्हते, तिथे विद्यापीठातले विद्यार्थी होते. पण एक गोष्ट तुमच्या उपयोगाची आहे. त्यात घड्याळाची वेळ सक्तीची नव्हती, कशानंतर करायचं ते ठरलेलं असलं की पुरे, म्हणजे नाश्त्यानंतर, जेवणाआधी असं. तुमची वेळ फिरती असली तरी काही गोष्टींचा क्रम फिरत नसेल. कंपनीच्या बसमधून उतरल्यावर घरापर्यंत चालणं, घरी आल्यावर आंघोळ, आंघोळीनंतर जेवण, शिफ्ट कुठलीही असो हे याच क्रमाने होत असेल. जे करायचंय ते घड्याळाला न बांधता यातल्या एखाद्या गोष्टीला बांधून बघा.

पीटर गोलविट्झर म्हणून जर्मन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचं कामच यावर आहे. 'मी व्यायाम करणार' असं ठरवण्यापेक्षा 'बसमधून उतरलो की मी एक स्टॉप पुढे चालत जाऊन परत येणार' असं जर-तर करून ठरवलं तर गोष्ट होण्याची शक्यता बरीच वाढते. 2006 साली त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी अशा 94 तपासण्या एकत्र करून बघितल्या होत्या आणि परिणाम चांगला दणदणीत निघाला. सेल्फ हेल्पमधल्या ज्या थोड्या गोष्टी तपासणीत टिकल्या त्यातली ही एक, म्हणून आवर्जून सांगतोय.

शंकेखोर

>>> 18 ते 254 दिवस <<<

हा आकडाही आता 21 सारखाच फिरायला लागलाय म्हणून लिहितो. प्रयोग चालला 84 दिवस, मग 254 व्या दिवशी काय झालं ते कुणी बघितलं? कुणीच नाही. प्रत्येकाच्या उत्तरांचा आलेख काढला, तो जिथे सपाट व्हायला लागेल, म्हणजे सवय आणखी पक्की व्हायची थांबेल, असं गणिताने दिसत होतं तिथपर्यंत पुढे वाढवला, त्यातून 254 आला. शिवाय 96 जणांपैकी ज्यांचा आलेख त्या गणितात नीट बसला असे फक्त 39, आणि 66 हा मधला आकडा त्यांच्यातला आहे. बाकीच्यांचं 12 आठवड्यांत तसं काही सुबक चित्र दिसलंच नाही. प्रयोग चांगला आहे, लेखकांनी हे सगळं पेपरमध्ये स्पष्ट लिहिलंय, पण उद्या '66 दिवसांचं चॅलेंज' निघालं तर (निघालीच आहेत) त्याच्यामागेही विज्ञान आहे म्हणून धावू नका.

पाऊलवाट

शंकेखोर, धन्यवाद, हे इथे यायलाच हवं होतं. माझ्या मते तुमच्या या माहितीने मूळ मुद्दा आणखी घट्ट होतो. एकच आकडा सगळ्यांना आणि सगळ्या सवयींना लागू करताच येत नाही.

रातराणी

मी नर्सिंगमध्ये आहे, आयसीयूमध्ये बरीच वर्षं काढली. आमच्याकडची सवय म्हणजे हात स्वच्छ करणं, पेशंटला हात लावण्याआधी आणि नंतर. कॉलेजात लेक्चर झाली, पोस्टर लागली, दंडाची भाषा झाली, फरक थोडाच. फरक पडला तो प्रत्येक बेडच्या पायाशी सॅनिटायझरची बाटली लटकवली तेव्हा. हात आपोआप जातो आता, घरी मुलाच्या खोलीत शिरतानासुद्धा हात बाटली शोधतो.

2023 साली कॅलटेक या अमेरिकेतल्या विद्यापीठाच्या लोकांचा एक अभ्यास आला होता, त्यात जिमला जाणाऱ्या तीस हजारांवर लोकांच्या नोंदी आणि हॉस्पिटलमधल्या तीन हजारांवर कर्मचाऱ्यांच्या हात धुण्याच्या नोंदी कॉम्प्युटरला घालून बघितल्या. त्यात निघालं की हात धुण्याची सवय आठवड्यांत लागते आणि जिमची लागायला महिने जातात. मला त्याचं आश्चर्य वाटलं नाही. हात धुण्याची संधी एका ड्यूटीत शंभर वेळा येते आणि बाटली समोर असते. जिमला दिवसातून एकदाच जायचं, त्यात कपडे बदला, गाडी काढा, ट्रॅफिक. दोन्हींना एकच दिवसांचं माप लावणं चूकच आहे.

कार्तिकी

सगळे प्रतिसाद वाचले. मला यात आपला चातुर्मासाचा नेम आठवला. आषाढी एकादशीला धरायचा, कार्तिकीला सोडायचा, म्हणजे चारेक महिने. आजी कांदा लसूण सोडायची, कुणी रोज पोथीची ठराविक पानं, कुणी एक वेळ जेवण. आजीला त्रास होताना बघितल्याचं आठवत नाही, कारण घरात त्या चार महिन्यांत स्वयंपाकच तसा व्हायचा, शेजारच्या काकूंचाही नेम असायचा, मंगळागौरीला कुठे जेवायला गेलं तरी ताटात कांदा यायचा नाही. तिला एकटीला ठाम राहावं लागत नव्हतं. आणि नेम मोडला तर प्रायश्चित्त ठरलेलं असायचं, दुसऱ्या दिवसापासून पुढे चालू. पहिल्यापासून मोजायचं नाही.

वारीचंही तसंच बघा ना. आळंदीहून पंढरपूर, तीन आठवड्यांच्या आसपास रोज चालायचं, म्हणजे 21 दिवसांच्या हिशोबाने सगळ्या वारकऱ्यांना चालायची सवय लागायला हवी. आमचे काका बरीच वर्षं वारी करतात, घरी आल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा स्कूटरने जातात. दिंडी, टाळ, पुढचा मुक्काम, बरोबरची माणसं, हे सगळं मागे राहिलं की पाय चालत नाहीत. काका आळशी आहेत असं म्हणवत नाही मला, ऊन पावसात चालणारा माणूस आहे तो.

चाकणची_शिफ्ट

कार्तिकी ताई, कडक लिहिलंय. हे ट्रेनिंगवाल्या सरांना पाठवायला पाहिजे.

दूरदेशी

कार्तिकी यांच्या वारीच्या मुद्द्याला जोडून. वेंडी वुड या सवयींवर आयुष्य घालवलेल्या अमेरिकन संशोधक आहेत, त्यांच्या टीमने सिनेमा हॉलमध्ये लोकांना आठवडाभराचे शिळे पॉपकॉर्न दिले. ज्यांना सिनेमा बघताना पॉपकॉर्न खायची सवय होती त्यांनी ते ताज्याइतकेच खाल्ले, आवडत नाहीयेत असं सांगत सांगत खाल्ले. तीच चाचणी मीटिंग रूममध्ये केली तर शिळे पॉपकॉर्न बाजूला राहिले. हे वाचलं तेव्हा मला माझं इथे जर्मनीत आल्यावरचं वागणं कळलं. पुण्यात ऑफिस सुटलं की टपरीवर चहा आणि सिगरेट हे ठरलेलं होतं, सोडायचा प्रयत्न करून कंटाळलो होतो. इथे टपरीच नाही, ऑफिसातून निघालो की थेट ट्राम. पहिले काही दिवस जड गेले, मग सिगरेटची आठवण यायचीच बंद झाली. सुट्टीत पुण्याला आलो आणि त्याच कोपऱ्यावर उभा राहिलो तेव्हा हात खिशाकडे गेला. तेव्हापासून मित्रांना दुसरीकडे भेटतो.

दिवा_लावू

दूरदेशी, तुमचं वाचून लिहावंसं वाटलं. आमच्या घरात भावाचं व्यसन होतं, दारूचं, त्यामुळे सवय या शब्दावर आम्ही खूप सोसलंय. तुम्ही म्हणता त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण व्हिएतनाम युद्धातलं आहे. तिथे अमेरिकन सैनिकांपैकी बरेच जण हेरॉईनच्या आहारी गेले होते, सरकार हादरलं होतं की हे परत आल्यावर काय होणार. ली रॉबिन्स या अमेरिकन संशोधकांनी परतलेल्या सैनिकांचा माग ठेवला, तर तिथे व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले साधारण 5 टक्के निघाले. युद्ध, भीती, सहज मिळणारा माल, सगळं मागे राहिलं होतं. पण आमच्यासारख्यांचं दुःख हे की व्यसनमुक्ती केंद्रातून माणूस परत त्याच घरी, त्याच गल्लीत, त्याच मित्रांत येतो.

भाऊ सुटून आला, काही महिने छान गेले आणि एका लग्नात घेतली. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला आता सगळं संपलंच आहे, आणि मग दोन आठवडे पीत राहिला. ॲलन मारलॅट या मानसशास्त्रज्ञांनी हेच लिहून ठेवलंय, की पहिल्या घोटाने जितकं नुकसान होत नाही तितकं 'मी मोडलो, मी असाच आहे' या विचाराने होतं. नंतर समुपदेशकांनी भावाबरोबर यावरच काम केलं, घसरलास तर त्याच संध्याकाळी कुणाला फोन करायचा हे आधी लिहून ठेवलं. एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंगला तो जातो तिथे आजच्या दिवसापुरतं बोलतात, आयुष्यभराची शपथ मागत नाहीत. म्हणून मला या सलग दिवसांच्या चॅलेंजचा, ॲपमधल्या स्ट्रीकचा मनापासून राग येतो. एक दिवस तुटला की आकडा शून्य, आणि काही माणसांसाठी तो शून्य फार महाग पडतो.

अबोली

दिवा_लावू, तुम्हाला आणि भावाला खूप शुभेच्छा. इतकं मोकळं लिहिल्याबद्दल आभार.

बोरीबंदर

दिवा_लावू, वाचून गप्प बसलो. तरी एक विचारतो, रागावू नका कुणी. सगळंच परिस्थितीवर टाकलं तर मनाचा निग्रह म्हणून काही उरतं की नाही? आपण लहानपणापासून ऐकत आलोय मन आवरा म्हणून.

शंकेखोर

प्रश्न चांगला आहे. निग्रहावरही प्रयोग झालेत. 1998 साली रॉय बाउमाइस्टर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी भुकेल्या विद्यार्थ्यांसमोर ताजी बिस्किटं आणि मुळे ठेवले, काहींना फक्त मुळे खायला सांगितले. बिस्किटांचा मोह आवरलेले विद्यार्थी पुढच्या अवघड कोड्यावर लवकर हरले. त्यावरून इच्छाशक्ती वापरली की संपते हा विचार जगभर गेला. 2016 साली तीच कल्पना वेगळ्या चाचणीने 23 प्रयोगशाळांनी मिळून दोन हजारांवर लोकांवर तपासली, परिणाम जवळजवळ शून्य निघाला. त्यामुळे इच्छाशक्ती संपणारी टाकी आहे असं छातीठोक म्हणता येत नाही.

माझं मत विचाराल तर निग्रह खरा आहे पण तो एकदा वापरायचा, वस्तू हलवायला. बिस्किटांचा डबा घरात आणायचाच नाही हे दुकानात ठरवणं सोपं, रात्री अकराला डब्यासमोर उभं राहून ठरवणं अवघड.

मनमोकळं

मी समुपदेशनाचं काम करते. एक भर घालते कारण धाग्यात ही बाजू आली नाही. काही वेळा उठवत नाही, काहीच करावंसं वाटत नाही, आवडीच्या गोष्टीही नकोशा होतात, हे दोन आठवड्यांच्या वर रोज चाललं असेल तर तो सवयीचा प्रश्न नसतो. नैराश्य असू शकतं, थायरॉइड असू शकतं, हिमोग्लोबिन कमी असू शकतं, विशेषतः बायकांमध्ये. अशा माणसाला कुणी पहाटे उठण्याचं चॅलेंज दिलं तर तो आणखी खचतो, माझ्याकडे अशी माणसं येतात आणि पहिलं वाक्य असतं 'मॅडम मी आळशी झालोय'. आधी डॉक्टर गाठा, रक्त तपासा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. फोन करायला लाज वाटायचं कारण नाही.

नवखा_27

पहिल्यांदाच लिहितोय. वडील 68 वर्षांचे, गावी एकटे असतात, बीपीची गोळी रोज विसरतात. मी रोज फोन करून विचारतो, मग ते चिडतात, मी पण चिडतो. मोबाइलवर अलार्म लावून दिला तर तो बंद करून पुन्हा विसरतात. इथलं वाचून वाटलं की काहीतरी करता येईल पण नक्की काय ते समजत नाहीये.

रातराणी

नवखा, वडील सकाळी उठल्यावर न चुकता काय करतात ते आधी बघा. देवपूजा करतात का, की पहिला चहा? तीच गोष्ट धरा. मेडिकलमध्ये सात कप्प्यांची गोळ्यांची डबी मिळते, ती चहाच्या डब्याला खेटून किंवा देवघरात निरांजनाशेजारी ठेवायची, कपाटात नको आणि औषधांच्या पिशवीत तर नकोच. कप्प्यामुळे आज घेतली की नाही हे बघूनच कळतं, नाहीतर म्हातारी माणसं विसरून दोनदा घेतात तेही वाईट. गोळी सकाळची आहे की रात्रीची आणि उपाशीपोटी चालते का हे डॉक्टरांना विचारून मगच जागा ठरवा. एखाद्या दिवशी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत हे त्यांना नीट सांगा.

आणि रोजच्या फोनवर गोळीचं विचारू नका काही दिवस. रविवारी शेजारच्या कुणाला तरी डबी भरायला सांगा, किती कप्पे रिकामे झाले ते त्यांच्याकडूनच कळेल.

नवखा_27

चहा! पाचला उठून स्वतः करतात, आल्याशिवाय चालत नाही. आल्याची टोपली ओट्यावरच असते. डबी तिथेच ठेवतो. गोळी रिकाम्या पोटी चालते का ते उद्या डॉक्टरांना विचारतो, शेजारच्या मामींना रविवारचं सांगतो.

चाकणची_शिफ्ट

मी पण बस स्टॉपचं सुरू केलंय. पुढच्या आठवड्यात नाईट आहे, पहाटे उतरल्यावर कसं जमतं ते लिहीन इथे.